बायोप्सीत टिपिकल, शस्त्रक्रियेनंतर अटिपिकल: फुफ्फुसाच्या कार्सिनॉइडचा प्रकार आणि त्यावरून पुढचा अंदाज

प्रश्न: चोपड्याचा शिक्षक

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. माझी धाकटी बहीण छत्तीस वर्षांची असून शिरपूर येथे सासरी असते. तिला तंबाखू, मिशरी कशाचेच व्यसन नाही. गेली काही वर्षे तिला अधूनमधून खोकला येत असे आणि श्वास घेताना शिटीसारखा आवाज होत असे. घराच्या मागेच जिनिंग असल्यामुळे हा सरकीच्या धुळीचा दमा आहे असे सर्वांनी धरून चालले आणि पंप सुरू झाला. पुढे थुंकीतून रक्त पडल्यावर क्षयरोगाचा संशय आला. आपल्या खान्देशात खोकल्याला पहिले नाव दम्याचे आणि दुसरे टीबीचे, तिसरे सहसा कोणाच्या मनात येत नाही. थुंकीची सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह आली आणि सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात, श्वासनलिकेच्या आत डोकावणारी गाठ दिसली.

दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याचा रिपोर्ट ‘टिपिकल कार्सिनॉइड’ असा आला. कार्सिनॉइड म्हणजे संप्रेरके बनवणाऱ्या, ‘न्यूरोएंडोक्राइन’ म्हणतात त्या पेशींची, सहसा हळू वाढणारी गाठ. हा सर्वात सौम्य प्रकार आहे, शस्त्रक्रियेनंतर बहुधा काही करावे लागणार नाही, असे आम्हाला सांगण्यात आले आणि घर थोडे सावरले. त्यानंतर मुंबईत खालचा लोब काढला. आता अंतिम रिपोर्ट हाती आला असून त्यात ‘अटिपिकल कार्सिनॉइड’ असे लिहिले आहे. गाठ २.८ सेंटिमीटर, दर २ चौरस मिलिमीटरमध्ये ४ माइटोसिस, नेक्रोसिसचे बारीक ठिपके, की-६७ (विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींचे प्रमाण) आठ टक्के, कापलेल्या कडा गाठीपासून मुक्त आणि तपासलेल्या १२ लिंफ नोडपैकी (लसिकाग्रंथींपैकी) एकात, तोही फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्यात, पेशी सापडल्या आहेत.

दोन रिपोर्टांच्या मधल्या काही आठवड्यांत रोग बदलला, की पहिला रिपोर्टच चुकीचा होता? या एका ‘अ’ मुळे पुढच्या आयुष्याचा अंदाज किती बदलतो? आणि केमोथेरपी घ्यावी की नाही याबद्दल दोन डॉक्टरांची दोन मते का असावीत? मेहुणे मला रोज विचारतात आणि मी आकडे शोधत बसतो. पण जे आकडे सापडतात ते एकमेकांशी जुळत नाहीत.

उत्तर: स्लाइडवाचक, धुळे

सर, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे त्यातूनच निघते. रोग बदललेला नाही. टिपिकल आणि अटिपिकल यांतली रेषा आम्ही दोनच गोष्टींवरून ओढतो: विभाजन पावत असलेल्या पेशी, म्हणजे माइटोसिस, किती आहेत आणि मेलेल्या पेशींचे पुंजके, म्हणजे नेक्रोसिस, आहेत की नाहीत. दर २ चौरस मिलिमीटरमध्ये दोनपेक्षा कमी माइटोसिस आणि नेक्रोसिस मुळीच नाही, तर टिपिकल. दोन ते दहा माइटोसिस, किंवा नेक्रोसिस, किंवा दोन्ही, तर अटिपिकल. दहाच्या वर गेले की साधारणपणे आपण कार्सिनॉइडच्या घरातून बाहेर पडतो आणि लार्ज सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा किंवा स्मॉल सेल कार्सिनोमा या दोन आक्रमक आजारांकडे येतो.

आता अडचण अशी की दुर्बिणीतून मिळालेल्या तुकड्याचे क्षेत्रफळ अनेकदा २ चौरस मिलिमीटरही भरत नाही, चिमट्याने त्यातल्या पेशी चिरडलेल्या असतात आणि माइटोसिस संपूर्ण गाठीत सारखे पसरलेले नसतात. नियम असा आहे की जिथे विभाजन सर्वाधिक दिसते तिथे मोजायचे; पण ती जागा चिमट्यात आलीच नसेल तर मोजणार काय? बाजार समितीत कापसाच्या गाडीच्या वरून मूठभर कापूस काढून सगळ्या गाडीची प्रत ठरवली तर जे होईल, तेच इथे होते. नेक्रोसिसचे तर विचारूच नका. अटिपिकलमधले ते ठिपके इतके बारीक असतात की संपूर्ण गाठीचे अनेक छेद पाहिल्यावरच एखाद्यात सापडतात. म्हणूनच लहान नमुन्यावर केवळ ‘कार्सिनॉइड ट्यूमर’ एवढेच लिहावे आणि उपप्रकार शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीसाठी राखून ठेवावा, ही रीत आहे. आपल्या पहिल्या रिपोर्टमध्ये ‘टिपिकल’ हा शब्द लिहायला नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे. निदान मात्र चुकलेले नव्हते. कार्सिनॉइड होता आणि कार्सिनॉइडच निघाला.

की-६७ बद्दलही लिहितो, कारण त्या आकड्यावरून नातेवाईक फार गोंधळतात. आतड्याच्या आणि स्वादुपिंडाच्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरमध्ये तीन टक्के आणि वीस टक्के या सीमांवर ग्रेड ठरते. फुफ्फुसाच्या कार्सिनॉइडमध्ये तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणातही फुफ्फुसासाठी माइटोसिस आणि नेक्रोसिस हेच निकष आहेत. की-६७ लिहावे, त्याचा उपयोग होतो, पण त्यावरून टिपिकल-अटिपिकल ठरवू नये. त्याचा खरा उपयोग चिरडलेल्या लहान तुकड्यात होतो, जिथे कार्सिनॉइडच्या दबलेल्या पेशी स्मॉल सेल कार्सिनोमासारख्या दिसू शकतात. की-६७ आठ-दहा टक्के असेल तर स्मॉल सेल म्हणायचे धाडस कोणी करू नये; त्यात हा आकडा बहुधा पन्नासच्या पुष्कळ वर असतो.

आता अंदाजाविषयी. १९९८ साली अमेरिकेत ट्रॅव्हिस आणि सहकाऱ्यांनी दोनशे न्यूरोएंडोक्राइन गाठी तपासून आजची ही सीमा सुचवली. त्या अभ्यासात टिपिकल कार्सिनॉइडचे रुग्ण पाच वर्षांनी ८७ टक्के आणि दहा वर्षांनीही ८७ टक्के हयात होते. अटिपिकलमध्ये हे आकडे ५६ आणि ३५ टक्के होते. लार्ज सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमात २७ आणि ९, तर स्मॉल सेलमध्ये ९ आणि ५. या चार जोड्या एकाखाली एक लिहून पाहिल्या की उपप्रकाराला इतके महत्त्व का दिले जाते ते लगेच ध्यानात येते: चारही आजार सूक्ष्मदर्शकाखाली एकाच गोतावळ्यातले वाटतात, पण त्यांची चाल सारखी नाही.

तरीही हे आकडे जसेच्या तसे बहिणीला लावू नका. त्या मालिकेत सर्व टप्प्यांचे रुग्ण होते, ज्यांचा आजार आधीच पसरला होता तेही. आणि हयात असण्याची टक्केवारी मोजताना इतर कारणांनी झालेले मृत्यूही त्यात येतात. नंतरच्या काळात, पूर्णपणे काढलेल्या गाठींच्या मालिकांत, अटिपिकलचे पाच वर्षांचे आकडे यापेक्षा बरेच चांगले दिसतात. आपल्याला सापडणारे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, याचे मुख्य कारण हेच आहे. एक गोष्ट मात्र त्या जुन्या आकड्यांत नीट दिसते. टिपिकलची रेघ पाच वर्षांनंतर सपाट होते, अटिपिकलची पाच ते दहा वर्षांच्या मधेही खाली उतरत राहते. अटिपिकल असल्यास पाच वर्षे उलटली म्हणजे सुटलो, असे म्हणता येत नाही.

उत्तर: रावेरचा केळीवाला

सर, काळजी करू नका. माझ्या मामांनाही हेच निघाले होते. तेव्हा आम्हाला सांगितले होते की कार्सिनॉइड म्हणजे कॅन्सर नव्हेच, कॅन्सरसारखी दिसणारी साधी गाठ आहे. गाठ काढली, त्यानंतर आम्ही कुठे दाखवायला गेलो नाही. मामा अजून शेतात जातात.

उत्तर: मूळ अमळनेर, सध्या नाशिक

वरील भाऊंचे मामा बरे आहेत याचा आनंद आहे, पण त्यांच्या उत्तरातले विधान मला तसेच सोडता येत नाही. मी कर्करोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. शतकभरापूर्वी या गाठींना निरुपद्रवी समजत असत आणि तो समज अजून पूर्णपणे गेलेला नाही. टिपिकल असो वा अटिपिकल, दोन्ही आज कर्करोगातच गणले जातात. टिपिकलही लिंफ नोडमध्ये जाऊ शकतो आणि क्वचित यकृतात किंवा हाडांतही पोहोचतो. फरक तो किती वेळा जातो यात आहे. ढोबळ मानाने टिपिकलमध्ये दहांतल्या एखाद-दुसऱ्या रुग्णाच्या लिंफ नोडमध्ये पेशी सापडतात, अटिपिकलमध्ये जवळजवळ निम्म्यांच्या. मामांना निदान वर्षाआड सीटी स्कॅन करायला सांगा, भाऊ; ते ठणठणीत असले तरी.

सर, आता आपल्या बहिणीविषयी. उपप्रकार हा अंदाजाचा एक खांब आहे, एकमेव नाही. दुसरा तितकाच महत्त्वाचा म्हणजे टप्पा: गाठीचा आकार, लिंफ नोडची स्थिती आणि दूरवर पसरणे. तिसरी बाब म्हणजे गाठ पूर्ण निघाली की नाही. आपल्या रिपोर्टमध्ये कडा मुक्त आहेत, बाधित लिंफ नोड फुफ्फुसाच्या मुळाशी आहे, मधल्या भागात म्हणजे दोन फुफ्फुसांच्या दरम्यान नाही आणि माइटोसिस चार आहेत, नऊ-दहा नाहीत. अटिपिकल या एका शब्दाच्या पोटात दोन माइटोसिस असलेली गाठही येते आणि दहा असलेलीही. या दोघींची चाल एकच असेल असे मानणे बरोबर नाही. बारा लिंफ नोड तपासले गेले हीही चांगली बाब आहे. ज्या शस्त्रक्रियेत दोन-तीनच नोड काढले जातात, तिथे ‘नोड मुक्त आहेत’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

केमोथेरपीबद्दल दोन मते का? कारण या आजारात, गाठ पूर्ण काढल्यानंतर दिलेल्या केमोथेरपीने आयुष्य वाढते हे दाखवणारी मोठी, रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली चाचणी झालेलीच नाही. कार्सिनॉइड हा फुफ्फुसाच्या सर्व कर्करोगांत शेकडा एक-दोन, आणि अटिपिकल त्यातलाही लहान वाटा. इतके रुग्ण एकत्र करायचे तरी कसे? टिपिकलमध्ये पूर्ण शस्त्रक्रियेनंतर काही देत नाहीत, यावर जवळजवळ एकमत आहे. अटिपिकलमध्ये मधल्या भागातले लिंफ नोड बाधित असतील आणि माइटोसिस वरच्या टोकाला असतील तर अनेक केंद्रे प्लॅटिनम व इटोपोसाइड या केमोथेरपीच्या औषधांचा विचार करतात. आपली बहीण या दोहोंच्या मधे बसते. माझ्याकडे असा रुग्ण आला असता तर मी देखरेखीकडे झुकलो असतो, कारण हळू विभाजन पावणाऱ्या पेशींवर केमोथेरपीचा मारा तोकडा पडतो आणि त्रास मात्र पुरता होतो. पण हा निर्णय ट्यूमर बोर्डात, तिन्ही शाखांचे डॉक्टर समोर असताना व्हावा. माझ्या या ओळींवरून नव्हे.

शस्त्रक्रियेपूर्वी गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन झाला नसेल तर आता विचारून पाहा. नेहमीच्या एफडीजी पेटमध्ये, म्हणजे पेशी किती साखर खेचतात ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, कार्सिनॉइड कित्येकदा मंद दिसतो किंवा दिसतच नाही, आणि ‘पेट निगेटिव्ह’ हा शेरा वाचून लोक निर्धास्त होतात. डोटाटेट या पेशींवरील सोमॅटोस्टॅटिन ग्राहकांना चिकटते, त्यामुळे यकृतातला किंवा हाडातला बारीक ठिपकाही सापडण्याची शक्यता वाढते. अटिपिकलमध्ये हे ग्राहक काही वेळा कमी असतात, म्हणून काही केंद्रे दोन्ही स्कॅन करतात. घराण्यात कोणाला वारंवार मूतखडे, रक्तात वाढलेले कॅल्शियम, पिट्युटरीची किंवा स्वादुपिंडाची गाठ असे काही झाले असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. थोड्या रुग्णांमध्ये हा आजार मेन-१ या आनुवंशिक दोषाबरोबर येतो.

पुढची देखरेख साधारण अशी असते: अटिपिकलमध्ये पहिली पाच वर्षे दर सहा महिन्यांनी सीटी स्कॅन, त्यानंतर वर्षातून एकदा, आणि हे दहा वर्षांनीही बंद करायचे नाही. रोग परत आला तरी हात बांधलेले नसतात. ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची महिन्याची इंजेक्शने, ल्युटेशियमचे किरणोत्सर्गी उपचार आणि एव्हरोलिमस असे मार्ग आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या रेडियंट-४ चाचणीत फुफ्फुसाच्या आणि पचनमार्गाच्या मिळून ३०२ रुग्णांमध्ये एव्हरोलिमसने रोग वाढण्यापूर्वीचा मध्यम काळ ३.९ महिन्यांवरून ११ महिन्यांवर नेला होता. आज बहिणीला यातले काहीच लागत नाही, हे मेहुण्यांना ठळकपणे सांगा.

उत्तर: भुसावळची एक रुग्ण

दादा, माझा रिपोर्ट आपल्या बहिणीच्या अगदी उलट होता. उपप्रकार टिपिकल, पण दोन लिंफ नोड बाधित. त्यामुळे ‘टिपिकल आहे ना, मग कशाला चिंता’ असे म्हणणारेही भेटले आणि ‘नोडमध्ये गेला म्हणजे संपलेच’ असे म्हणणारेही. मला केमोथेरपी दिली नाही. गाठ मुख्य श्वासनलिकेच्या फाट्याजवळ होती. श्वासनलिकेचा तेवढाच तुकडा कापून दोन टोके पुन्हा शिवली, म्हणून निम्मे फुफ्फुस वाचले. शस्त्रक्रियेनंतर माझ्या ताकदीत जो फरक पडला, तो उपप्रकाराच्या नावापेक्षा फुफ्फुस किती वाचले यावर अधिक अवलंबून होता, असे माझे स्वतःचे निरीक्षण आहे. बहिणीला श्वासाचे व्यायाम चुकवू देऊ नका. आणि तिच्या समोर टक्केवारी वाचू नका. तिला हवी असेल तेव्हा ती स्वतः विचारेल.

उत्तर: नवापूर, जि. नंदुरबार

माझ्या वडिलांचा रिपोर्ट सुरतेत झाला. आमच्याकडची बहुतेक मंडळी तापी लाइनने तिकडेच जातात. त्यात ‘न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा, हाय ग्रेड’ असे आहे, माइटोसिस २५, की-६७ सत्तर टक्के. ते चाळीस वर्षे विडी ओढत होते. वर ‘न्यूरोएंडोक्राइन’ हा शब्द वाचून बरे वाटले. हा आजारही असाच हळू चालणारा आहे का?

उत्तर: स्लाइडवाचक, धुळे

नाही, आणि हे लगेच स्पष्ट करतो, कारण इथे उपचारात वेळ जाणे परवडणारे नाही. न्यूरोएंडोक्राइन हे आडनाव आहे. ‘ट्यूमर’ आणि ‘कार्सिनोमा’ ही त्या आडनावाची दोन वेगळी घरे आहेत. आपल्या वडिलांच्या रिपोर्टमधले आकडे कार्सिनॉइडचे नाहीत. विडी-सिगारेटशी स्मॉल सेल आणि लार्ज सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा यांचा संबंध फार घट्ट आहे. टिपिकल कार्सिनॉइडचा तसा दिसत नाही. स्मॉल सेल की लार्ज सेल हे रिपोर्टमध्ये लिहिलेले नसेल तर पॅथॉलॉजिस्टना विचारा, पण त्यासाठी उपचार आठवडेच्या आठवडे थांबवू नका. या वर लिहिलेल्या चर्चेतली देखरेखीची पद्धत आपल्या वडिलांना लागू होत नाही.

प्रश्नकर्ता पुन्हा: चोपड्याचा शिक्षक

सर्वांचे आभार. डॉक्टरसाहेब, आपण केलेल्या खुलाशाने घरात दोन दिवसांनी कोणी नीट जेवले. एवढेच विचारायचे आहे की चार माइटोसिस हा आकडा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पडताळून घ्यावा का? आणि घ्यायचा तर काय घेऊन जायचे? आमच्या हातात फक्त छापील रिपोर्ट आहे.

उत्तर: स्लाइडवाचक, धुळे

घ्यावा, आणि त्यात पहिल्या डॉक्टरांचा अवमान होतो असे मानू नका. माइटोसिस मोजण्यात अनुभवी माणसांमध्येही एकवाक्यता कमी असते. आक्रसलेले, काळे पडलेले केंद्रक माइटोसिससारखे दिसते, एक जण ते मोजतो, दुसरा वगळतो. एक आणि दोन यांच्या सीमेवर असलेल्या गाठीत एवढ्यानेच नाव बदलते. आपल्या बाबतीत माइटोसिस चार आहेत आणि नेक्रोसिसही नोंदले आहे, म्हणजे दुसऱ्या मोजणीत आकडा थोडा खाली आला तरी केवळ नेक्रोसिसच्या आधारावर अटिपिकल हेच नाव राहील. तेव्हा दुसरे मत नाव बदलेल या आशेने घेऊ नका. नेक्रोसिस खरेच आहे का, आणि माइटोसिस खालच्या टोकाला आहेत की वरच्या, हे पक्के करण्यासाठी घ्या. केमोथेरपीच्या चर्चेत त्याचाच उपयोग होईल.

छापील रिपोर्टवरून कोणीही मत देऊ शकत नाही. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तिथल्या पॅथॉलॉजी विभागाकडे लेखी अर्ज करून गाठीचे आणि बाधित लिंफ नोडचे पॅराफिन ब्लॉक, रंगवलेल्या सर्व स्लाइड आणि की-६७ ची स्लाइड मागून घ्या. बायोप्सीचा ब्लॉकही पहिल्या लॅबमधून आणा, म्हणजे दोन्ही नमुने शेजारी ठेवून पाहता येतील. ब्लॉक मेणाचे असतात, म्हणून आपल्या मे महिन्यात एसटीच्या टपावर किंवा मोटारीच्या डिकीत ठेवू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. काम झाल्यावर ते परत मागून स्वतःजवळ जपून ठेवा. दहा वर्षांनी एखाद्या स्कॅनमध्ये यकृतात ठिपका दिसला तर तो याच गाठीचा आहे की नवीन काही, हे त्याच ब्लॉकशी तुलना करून ठरवावे लागेल.